स्वतःचे ब्लॉग सॉफ्टवेअर लिहिताना: देवनागरी पत्ते, मराठी शोध, आणि लेख फायलीत ठेवावेत की डेटाबेसमध्ये?

कुळागर

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या लोकपरंपरेवरच्या लेखांसाठी (जत्रा, धालो, माटोळीतली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या चौकटीतली, रानफळे, देवराया) स्वतःचे ब्लॉग सॉफ्टवेअर पायथनमध्ये लिहितो आहे. लेख बहुतेक मराठीत, काही कोंकणीत. मार्कडाउनमध्ये (साध्या खुणांच्या मजकुरात) लिहायचे, त्यातून एचटीएमएल पाने तयार करायची आणि ती सर्व्हरवर ठेवायची, एवढा साचा चालू आहे. आता सुधारणा करायच्या आहेत आणि तीन ठिकाणी निर्णय अडला आहे.

१. मूळ लेख साध्या फायलीत ठेवावेत की एसक्यूलाइटमध्ये (एका फायलीतल्या डेटाबेसमध्ये)?
२. लेखाचा पत्ता देवनागरीत असावा की रोमनमध्ये?
३. मराठीत नीट चालेल असा शोध कसा बसवावा? एसक्यूलाइटचा एफटीएस५ (मजकुरात शोधणारा भाग) लावून पाहिला. 'गोवा' शोधले की 'गाव' आणि 'गावी' असलेले लेखही येतात. कारण कळत नाही.

प्रतिक्रियांची सोय ठेवणार नाही, त्यामुळे तो विषय बाजूला.

पाटो

तयार वर्डप्रेस २००३ पासून आहे, जगभर चालते, मराठी अनुवादही आहे. लेखन करायचे असेल तर लेखनावर वेळ द्यावा. सॉफ्टवेअर लिहायला घेतले की लेख मागे राहतात.

रापण

पाटो, एरवी तुमचे म्हणणे मान्य, पण कुळागरांच्या दुसऱ्या प्रश्नात वर्डप्रेस स्वतःच अडते. तिथे लेखाच्या पत्त्याचा रकाना २०० अक्षरांचा असतो आणि देवनागरी पत्ता त्यात टक्केवारीच्या सांकेतिक रूपात साठवला जातो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे, आणि प्रत्येक बाइटची तीन अक्षरे होतात: 'म' म्हणजे %ई०%ए४%एई. म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा. २०० भागिले ९ केले की जेमतेम २२ चिन्हे उरतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगवेगळी चिन्हे म्हणून मोजली जातात. 'शांतादुर्गेच्या जत्रेतील दिवजां' इतका मथळासुद्धा मध्येच तुटतो.

माझे मत: पत्ता रोमनमध्ये, छोटा आणि हाताने दिलेला. मथळ्यावरून आपोआप बनवू नका. देवनागरी पत्ता ब्राउझरच्या पट्टीत छान दिसतो, पण कॉपी करून कुणाला पाठवला की टक्क्यांची रांग जाते. वाचणाऱ्याला तो दुवा संशयास्पद वाटतो.

सुरंगी

रापणबाब, इथे मी वेगळे म्हणेन. देवनागरी पत्ता ठेवायचा असेल तर ठेवता येतो. मात्र तो बनवताना पायथनची एक खोड ठाऊक हवी. अक्षरे सोडून बाकी सगळे गाळण्यासाठी लोक नेहमीच्या 're' मॉड्यूलचा बॅकस्लॅश-डब्ल्यू वापरतात. त्याच्या लेखी काना, वेलांटी, मात्रा, हलन्त ही अक्षरे नव्हेत. म्हणून 'माटोळी'चे 'मटळ' होते आणि 'माटोळी'च नव्हे, 'मटाळा'ही त्याच पत्त्यावर येऊन बसेल. जॅंगो या पायथन चौकटीचे पत्ता बनवणारे स्लगिफाय युनिकोड चालू करून वापरले तरी हेच घडते.

उपाय असा की 'regex' हे वेगळे पॅकेज घ्या आणि त्यात अक्षरे, जोडचिन्हे व अंक असे तिन्ही युनिकोड वर्ग राखा (एल, एम आणि एन). नेहमीच्या मॉड्यूलला हे वर्ग कळतच नाहीत.

आणि लांबीवर मर्यादा घाला. लिनक्सच्या ईएक्सटी४ वर फायलीचे नाव २५५ बाइटांपर्यंतच जाते, म्हणजे देवनागरीची ८५ चिन्हे. तोडायचे ते शब्दाच्या सीमेवर, बाइट मोजून नव्हे. नाहीतर शेवटचे चिन्ह अर्धे राहते आणि पान बनवतानाच प्रोग्रॅम कोसळतो.

मानशी

शोधाबद्दल. 'गोवा' शोधल्यावर 'गाव' येते याचे कारण सुरंगीबायनी सांगितले त्याच कुळातले आहे. एफटीएस५ चा मूळ टोकनायझर, म्हणजे मजकुराचे शब्द पाडणारा भाग, 'यूनिकोड६१'. तो शब्दात कोणती चिन्हे धरायची हे युनिकोड वर्गांवरून ठरवतो आणि मुळात फक्त अक्षरे, अंक आणि खाजगी वापराची चिन्हे धरतो. काना-मात्रा त्याच्यासाठी शब्द तोडणारी जागा. त्यामुळे 'गोवा' म्हणजे 'ग' आणि 'व' असे दोन तुकडे. 'गाव' म्हणजेही 'ग' आणि 'व'. 'गावी' तेच. 'देव' शोधलेत तर 'दिवा' मिळेल. 'गवा' मात्र मिळणार नाही, कारण त्यात ग आणि व यांच्यामध्ये काही नाही, तो 'गव' असा एकच तुकडा होतो. शोध अर्धवट चालल्यासारखा दिसतो म्हणूनच हा दोष चटकन लक्षात येत नाही.

दुरुस्ती एका ओळीची आहे. तक्ता बनवताना टोकनायझरला 'कॅटेगरीज' हा पर्याय द्या आणि मूळच्या 'एल*, एन*, सीओ' या यादीत 'एमएन' आणि 'एमसी' हे काना-मात्रांचे दोन वर्ग जोडा. पर्याय बदलल्यावर तक्ता नव्याने बनवून सगळे लेख पुन्हा भरावे लागतात. जुन्या तक्त्यावर त्याचा परिणाम होत नाही.

कुळागर

मानशीबाब, देव बरें करूं. बदल केला, 'गोवा' आता फक्त गोव्यावर जातो. पण 'गोव्यात' आणि 'गोव्याची' असलेले लेख सुटतात.

मानशी

ते सुटणारच. मराठीचे सामान्यरूप कोणत्याही तयार टोकनायझरला ठाऊक नसते. तीन वाटा आहेत.

पहिली, ट्रायग्रॅम टोकनायझर. एसक्यूलाइट ३.३४ पासून आहे. तो तीन-तीन चिन्हांचे तुकडे करतो, त्यामुळे 'मांडवी' शोधले की 'मांडवीच्या' आणि 'मांडवीत' आपोआप सापडतात. पण 'गोवा' हा 'गोव्यात'चा तुकडा नाही, म्हणून तिथे उपयोग शून्य. शिवाय तीन चिन्हांपेक्षा लहान शब्द, जसे 'घर', 'वड', 'सण', शोधलेच जात नाहीत.

दुसरी वाट म्हणजे उपसर्गशोध, शब्दाच्या शेवटी तारका लावून. 'गोव*' दिले की 'गोवा', 'गोव्यात', 'गोवेकर' सगळे. वाचकाने 'गोवा' टाइप केल्यावर शेवटचा काना तुम्ही काढायचा. सोपे आहे, पण आखूड शब्दांना फार पसरते.

तिसरी वाट मला सर्वात पटते. स्वतःचा छोटा प्रत्यय काढणारा लिहा. क्रम महत्त्वाचा: आधी लांब शब्दयोगी आणि प्रत्यय (पर्यंत, पासून, साठी, मध्ये, कडे, हून, च्या), मग आखूड (चा, ची, चे, ला, ना, ने, नी, शी, वर), आणि सर्वात शेवटी एकटा 'त'. प्रत्यय गेल्यावर शेवटचे '्या', आणि तेही नसेल तर शेवटचा काना किंवा मात्रा काढा. 'गोव्यात' मधून 'त' गेला, मग '्या' गेले, उरले 'गोव'. 'गोवा'चा काना गेला, उरले 'गोव'. जुळले.

काढल्यावर किमान दोन व्यंजने उरलीच पाहिजेत ही अट घाला, नाहीतर 'भात'चा 'भ' आणि 'शेत'चा 'श' होतो.

दूधसागर

अट घालूनही 'भारत'चा 'भार' होईलच की. आणि 'परत'चा 'पर'. अशा मोडतोडीपेक्षा उपसर्गशोध बरा, निदान काय होते ते सांगता येते.

मानशी

होईल, म्हणून मोडलेले रूप एकटे ठेवायचे नाही. एफटीएसच्या तक्त्यात दोन रकाने करा. एकात मूळ मजकूर, दुसऱ्यात प्रत्यय काढलेला. क्रमवारी लावताना बीएम२५ ला (जुळणीला गुण देणाऱ्या सूत्राला) मूळ रकान्याचे वजन १० आणि दुसऱ्याचे १ द्या. तंतोतंत जुळलेले लेख वर येतात, ओढूनताणून जुळलेले खाली जातात. एफटीएस५ मध्ये हा गुण उणे असतो, जितका लहान तितका चांगला, तेव्हा क्रम चढता लावा. उतरता लावला की सर्वात निरुपयोगी लेख डोक्यावर बसतो.

चोडण

सगळ्यांच्या आधी एक पायरी राहिली, आणि तिच्याशिवाय वरचे सगळे अर्धेच चालेल: मजकूर एकसारखा करून घेणे. मराठीत एकच अक्षर दोन तऱ्हांनी टाइप होते.

'दऱ्या' घ्या. काही कळफलक ऱ (युनिकोड क्रमांक ०९३१) आणि हलन्त देतात. काही र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा शून्य-रुंदीचा जोडक (२००डी) देतात. डोळ्यांना फरक नाही, शोधाला पूर्ण वेगळे शब्द. एनएफसी (युनिकोडची एकसारखे करण्याची रीत) लावून हे एक होत नाही. त्यातून फक्त र आणि वेगळा नुक्ता यांचा ऱ होतो. जोडकाचे रूप स्वतः बदलावे लागते: 'र, हलन्त, जोडक' दिसले की 'ऱ, हलन्त' करा.

इथे लोक घाई करतात आणि न दिसणारी सगळी चिन्हे एकदम पुसून टाकतात. तसे केले की 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. सत्तरीच्या डोंगरांवरचा लेख समुद्रावर जाऊन पोचेल. आधी बदल, मग उरलेले जोडक काढा. आणि तेही फक्त शोधासाठीच्या प्रतीतून, मूळ लेखातून कधीच नाही.

दुसरे अक्षर ॲ. युनिकोडमध्ये ते २००८ साली, ५.१ आवृत्तीत आले (०९७२). त्याआधीचा आणि आजही बराचसा मजकूर अ वर चंद्र (०९४५) लावून लिहिलेला असतो. एनएफसी यांनाही जोडत नाही. स्वतःच्या बदलांच्या यादीत घाला.

तेच काम वाचकाने टाइप केलेल्या शब्दावरही करायचे. एकाच फंक्शनमधून दोन्ही जाऊ द्या. दोन ठिकाणी वेगवेगळे लिहिले की कधीतरी एक बदलते आणि दुसरे राहते.

सुरंगी

चोडण यांनी ॲ काढला म्हणून विषयसूचीच्या क्रमाचेही सांगते. पायथनचे साधे सॉर्ट युनिकोडच्या क्रमांकावर चालते. त्यात ॲ (०९७२) हा ह (०९३९) नंतर येतो, म्हणजे 'ॲप' यादीच्या तळाला. ळ (०९३३) हा ल आणि व यांच्यामध्ये येतो, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. क्ष आणि ज्ञ अनुक्रमे क आणि ज मध्ये घुसतात. आयसीयू या भाषाविषयक संचाचे पायथन पॅकेज घेऊन 'एमआर' म्हणजे मराठीचा क्रम वापरा. ब्राउझरमध्ये करायचे असेल तर इंटल कोलेटरला भाषा सांगा.

पाटो

वर्डप्रेसचा मुद्दा मागे घेत नाही, पण तुम्ही लिहिणारच आहात तर फीडकडे, म्हणजे नवे लेख कळवणाऱ्या आरएसएस यादीकडे, लक्ष द्या. आरएसएसमध्ये तारीख ठरलेल्या इंग्रजी साच्यात लागते, वार आणि महिना इंग्रजी. पानावर मराठी महिने दिसावेत म्हणून प्रोग्रॅमची भाषा मराठी केली तर फीडमध्येही 'मार्च' देवनागरीत जातो आणि फीड वाचणारे सॉफ्टवेअर तारीख टाकून देते. पायथनच्या ईमेल विभागातले फॉरमॅट-डेटटाइम वापरा. ते भाषा काहीही असली तरी इंग्रजीच देते, शेवटी +०५३० लावून.

लेखाची ओळख (जीयूआयडी) पत्त्यावरून बनवू नका. पुढे पत्ता बदलला की सगळ्या वाचकांकडे सगळे जुने लेख नवे म्हणून जातात. लेख जन्मतो तेव्हा एक ओळख द्या आणि ती फायलीत लिहून ठेवा.

रापण

पाटोबाब, हा मुद्दा लाखमोलाचा. पत्ता बदललाच तर जुन्याहून नव्याकडे ३०१ (कायमचे वळवणे) लावणारी यादी साध्या फायलीत ठेवा, एका ओळीत जुना आणि नवा. पान बनवतानाच त्यावरून एनजिन्क्स या वेब सर्व्हरची मॅप फाइल लिहून घ्या. यादीतली ओळ कधी पुसायची नाही.

दूधसागर

छायाचित्रांबद्दल कुणी बोलले नाही. फोनवरचे चित्र पिलो या पायथन पॅकेजने लहान करून जेपीइजी म्हणून साठवले की त्याची एक्सिफ माहिती सोबत जात नाही. त्यात दोन गोष्टी असतात. एक, चित्र कसे फिरवून दाखवायचे, आणि ती गेली की उभी माटोळी आडवी दिसते. म्हणून लहान करण्याआधी 'एक्सिफ ट्रान्सपोज' चालवा. दुसरी, जागेचे अक्षांश-रेखांश, आणि ते गेलेलेच बरे. पण मूळ चित्रही सर्व्हरवर चढवत असाल तर त्यात ते शाबूत असतात. माटोळी म्हणजे कुणाच्या तरी घरातले चित्र, आणि देवराईतल्या दुर्मीळ झाडाची नेमकी जागा जगाला सांगण्याची गोष्ट नव्हे. मूळ चित्रे सर्व्हरवर जाऊच देऊ नका. ४८०, ९६० आणि १६०० अशा तीन रुंदी पुरतात.

सुरंगी

आणि पानाच्या सुरुवातीला भाषा 'एमआर' लिहा. श आणि ल यांची मराठी वळणे काही फॉन्टांत असतात, पण भाषा सांगितली तरच उमटतात. कोंकणी लेखाला 'केओके'. अक्षरांमधले अंतर (लेटर-स्पेसिंग) वाढवू नका, शिरोरेषा तुटते. ओळीची उंची १.६ ते १.७ ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा ऋकार खालच्या ओळीच्या रफाराला टेकतो.

कुळागर

खूपच मिळाले. पहिल्या प्रश्नाकडे परत येतो. शोधासाठी एसक्यूलाइट लागणारच आहे, मग लेखही त्यातच ठेवले तर एकच जागा राहील. फायली आणि डेटाबेस असे दोन संसार कशाला?

मानशी

दोन नाहीत. फायली हे मूळ, डेटाबेस ही त्यांवरून काढलेली सूची. नियम एवढाच की डेटाबेस कधीही पुसला तरी एका आज्ञेत पुन्हा उभा राहिला पाहिजे. मग त्याची राखीव प्रतही लागत नाही.

लेख एसक्यूलाइटमध्येच असतील तर प्रत घेताना सावध राहावे लागते. वॉल पद्धत (ताजे बदल आधी वेगळ्या फायलीत लिहिण्याची) चालू असताना मुख्य फाइल तेवढी कॉपी केली तर शेजारच्या वॉल फायलीत असलेले ताजे लेखन प्रतीत येत नाही. 'व्हॅक्यूम इन्टू' किंवा बॅकअपची आज्ञा वापरावी लागते. साधी फाइल गिटमध्ये टाकली की झाले, आणि कोणता शब्द केव्हा बदलला तेही दिसते.

दूधसागर

फायलींच्या बाजूने मीही. फक्त लेखाच्या डोक्यावरची माहिती (मथळा, तारीख) यामल या साच्यात लिहिणार असाल तर मथळे अवतरणात घाला. 'शिगमो: फोंड्यातले रोमटामेळ' या मथळ्यात आहे तो विसर्ग नव्हे, कोलन, आणि कोलनानंतर मोकळी जागा आली की यामल चूक दाखवते. त्याऐवजी टॉमल हा साचा घ्या, त्यात अवतरण सक्तीचेच आहे आणि पायथन ३.११ पासून ते वाचायची सोय भाषेतच आहे. मात्र त्यात प्रत्येक नोंदीचे नाव, म्हणजे किल्ली (की), रोमनमध्ये ठेवा, देवनागरी किल्ली अवतरणाशिवाय चालत नाही.

चोडण

पावसाळ्यात वीज कधी जाईल ते सांगता येत नाही, म्हणून चढवण्याची रीत पक्की असू द्या. सगळी पाने दर वेळी नव्या फोल्डरात बनवा. पूर्ण झाल्यावर त्याकडे बोट दाखवणारा सिमलिंक वेगळ्या नावाने तयार करा आणि 'ओएस.रिप्लेस'ने जुन्या सिमलिंकच्या जागी आणा. ही अदलाबदल एका झटक्यात होते, वाचकाला अर्धे जुने अर्धे नवे कधी दिसत नाही. मध्येच वीज गेली तर जुनी पाने तशीच चालू राहतात. अलीकडचे दोन-तीन फोल्डर ठेवा, म्हणजे मागे जाता येते.

ठरल्या वेळी लेख प्रसिद्ध करण्याचे काम घरच्या यंत्रावर असेल तर क्रॉन (वेळापत्रकाने कामे चालवणारा) नको. यंत्र बंद असताना चुकलेली वेळ क्रॉन सोडून देतो. सिस्टमडीचा टायमर घ्या आणि त्यात 'पर्सिस्टंट' चालू करा, यंत्र सुरू होताच राहिलेले काम तो उरकतो.

कुळागर

ठरले. लेख टॉमलच्या डोक्यासह फायलीत, पत्ता रोमन आणि हाताने दिलेला, ओळख वेगळी, एसक्यूलाइट फक्त शोधासाठी. आधी एकसारखे करण्याचे फंक्शन लिहितो, मग प्रत्यय. तपासणीसाठी नमुना लेख कोणते ठेवू?

चोडण

एक फोल्डर करा आणि दर बदलानंतर त्यावर सगळे चालवा. 'दऱ्या' दोन्ही तऱ्हांनी टाइप केलेला आणि तिसरा 'दर्या': पहिले दोन एकमेकांना सापडले पाहिजेत, तिसरा नाही. 'ॲप' दोन्ही रूपांत. 'गोवा', 'गोव्यात', 'गावी'. 'देव' आणि 'दिवा'. 'भारत' शोधल्यावर 'भार' खाली राहतो का ते. कोलन असलेला मथळा. शंभरहून अधिक चिन्हांचा मथळा. फोन उभा धरून काढलेले एक चित्र.

सुरंगी

सूचीच्या क्रमासाठी 'अळू', 'ॲप', 'कमळ', 'क्षेत्र', 'लग्न', 'ळ' आणि 'ज्ञान' असे विषयही घाला.

पाटो

आणि १ जानेवारीला रात्री १२ वाजून १० मिनिटांनी प्रसिद्ध झालेला एक लेख. सर्व्हरचे घड्याळ यूटीसीवर असते, तिथे तेव्हा अजून ३१ डिसेंबरची संध्याकाळ असते आणि लेख आदल्या वर्षाच्या फोल्डरात जातो. पत्त्यात वर्ष घालणार असाल तर तारीख 'एशिया/कोलकाता' हा वेळपट्टा लावूनच काढा, त्यासाठीचे झोनइन्फो पायथन ३.९ पासून सोबतच येते.